टिपणात तसे काही नाही

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी बंगळूरला एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत कागदपत्रे लिहिण्याच्या नोकरीला लागलो. त्याआधी सात वर्षे पुण्यात एका इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर होतो. बातमी जागेत बसत नसेल तर ती शेवटून कापायची, कारण महत्त्वाचे आधी आलेले असते, हे तिथे पहिल्या महिन्यात शिकवले गेले. पुढे जे घडले त्यात या सवयीचा भाग आहे, म्हणून आधीच सांगितले.

कंपनी मल्लेश्वरममध्ये एका घराच्या पहिल्या मजल्यावर होती. मालक कन्नड. तळमजल्यावर तो आणि त्याची आई राहत. वर चौदा माणसे. एकच मोठे काम हातात होते: परदेशातल्या एका मासळीच्या व्यापाऱ्याच्या शीतगृहांसाठी प्रोग्राम. बारा खोल्यांचे तापमान वाचायचे, गरजेप्रमाणे कॉम्प्रेसर चालू-बंद करायचे, बिघाड झाला तर घंटा वाजवायची. खऱ्या खोल्या समुद्रापलीकडे होत्या. त्यांच्याऐवजी पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमधून बारा खुंट्यांची लोखंडी पेटी करून आणली होती. खुंटी पिळली की प्रोग्रामला वाटे, त्या खोलीतले तापमान वाढले.

या खुंट्या पिळण्याचे काम एका बाईंचे होते. वय बेचाळीस. आधी एका सरकारी कारखान्याच्या तपासणी विभागात होत्या. तो विभाग मिटल्यावर इथे आल्या. दरवर्षी नवा करार होई आणि हे तिसरे वर्ष होते. हे काम नीट पार पडले की कायम करू, असे मालकाने त्यांना सांगितले होते. घरी म्हातारे वडील, आणि घर यांच्या एकट्याच्या पगारावर. त्यांचे घराणे कित्येक पिढ्या बंगळूरचे. मराठी फक्त घरात राहिलेली. सगळे त्यांना अक्का म्हणत, मीही. त्या मला पेपरवाले म्हणत.

अक्कांची एक लांब वही होती. प्रत्येक चाचणीला एक ओळ. भिंतीवरच्या घड्याळात पाहून वेळ, कोणती खुंटी, काय व्हायला हवे होते, काय झाले. चाचणी होण्याआधी ओळ लिहायची नाही, आणि लिहिलेली ओळ खोडायची नाही. कारखान्यातली शिस्त.

आदल्या वर्षी एक प्रकार झाला होता. पाठवलेल्या प्रोग्राममध्ये एक घंटा वाजेना. अक्कांच्या वहीत ती वाजल्याची नोंद होती. नोंद खरी असणार, कारण त्या चाचणीनंतर प्रोग्रामरनी तो भाग बदलला होता. पण बैठकीत वही कोणी उघडली नाही. ‘वहीत काय, काहीही लिहिता येतं,’ असे कोणीतरी म्हणाले. 

या वर्षी व्यापाऱ्याकडून पत्र आले. चाचणी पूर्ण झाली असे तुम्ही कळवता, पण प्रोग्रामचा किती भाग चाचणीत खरोखर चालला, ते कशावरून म्हणता? मालकाने बैठक बोलावली. बैठक इंग्रजी-हिंदीत झाली, इथे मराठीत देतो.

उपाय माहीत होता. तशी तयार साधने विकत मिळत. प्रोग्राममध्ये जिथे जिथे वाट फुटते, म्हणजे तापमान वाढले तर हे कर नाहीतर ते, तिथे तिथे साधन एक मोजणीचा हुकूम घालते. काम त्या वाटेने गेले की आकडा एकने वाढतो. शेवटी कागदावर येते, कोणती वाट किती वेळा चालली आणि कोणती एकदाही नाही. प्रश्न होता, असे हुकूम आपल्या प्रोग्राममध्ये घालू द्यायचे का.

मुख्य प्रोग्रामर नागपूरचा होता. त्याचा विरोध होता. मोजणीने प्रोग्राम फुगतो, हळू चालतो. आपण तपासणार एक आणि पाठवणार दुसराच. शिवाय वाटेवरून गेला म्हणजे बरोबर गेला, असे थोडेच?

‘अक्का, तव्याला मीटर लावला तर पोळी जास्त फुगते का?’ तो म्हणाला.

‘पोळी नाही फुगत हो,’ अक्का म्हणाल्या. ‘पण किती केल्या त्यावरनं भांडण तरी होत नाही.’

सगळे हसले. अक्का हसल्या नाहीत. त्या मालकाकडे वळून म्हणाल्या, ‘घाला सर. माझ्या वहीवर विश्वास नाही, मशीनवर ठेवा. मला चालेल.’

मालकाचे ठरेना. त्याने मला साधनाची पुस्तिका वाचून दोन पानांचे टिपण करायला सांगितले. दोनच, असे त्याने बोटांनी दाखवले.

पुस्तिका जाडजूड, तारेच्या बांधणीची. मी ती तीन दिवस वाचली. टिपण चार पानांचे झाले. फायदे, तोटे, लागणारा वेळ, लागणारी मेमरी, मग वापरताना घ्यायची काळजी. दोन पाने कापायची होती. मी शेवटून कापली.

टिपणावरून निर्णय झाला. मोजणीची आवृत्ती वेगळ्या मशीनवर चालवायची आणि अक्कांनी सगळ्या चाचण्या तिच्यावर पुन्हा करायच्या. प्रोग्रामरने खांदे उडवले आणि दुपारपर्यंत आवृत्ती तयार करून दिली. अक्कांनी नवी वही घेतली. पहिल्या पानावर हळद-कुंकू लावले आणि खाली टिपणाची एक प्रत चिकटवली. माझे लिखाण कोणी असे जपून ठेवलेले मी आधी पाहिले नव्हते.

त्यांनी तीन आठवडे काम केले. मोजणीची आवृत्ती खरोखरच हळू होती. सुरू झाल्यावर बारा खोल्यांची सरासरी जमायला अर्धा दिवस जाई, रीतसर बंद करायला चाळीस मिनिटे. म्हणून अक्का ती बंदच करत नसत. संध्याकाळी पडद्यावर टॉवेल टाकून घरी जात, सकाळी टॉवेल काढून पुढे चालू. वीज रोज जाई, पण त्या मशीनला यूपीएस होता. प्रोग्राम थांबला नाही.

तिसऱ्या आठवड्यात आयुधपूजा आली. आपल्याकडे खंडेनवमीला करतात तीच, पण तिथे तिचा थाट मोठा. रस्त्यावरच्या रिक्षांपासून पीण्यातल्या लेथपर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा, कुंकू, चाकाखाली लिंबू. आमच्या कार्यालयातही दरवर्षी होई. मालकाच्या आई वर येत, प्रत्येक संगणकाला गंध लावत, मग दारात कोहळा फोडायचा आणि चुरमुरे-गूळ वाटायचा. नियम एकच. त्या दिवशी आयुधाने काम करायचे नाही. पूजेच्या वेळी ते निजलेले हवे.

त्या वर्षी पूजा बुधवारी होती. राहुकाळ बाराला लागणार होता, त्याआधी उरकायचे होते. मालकाची आई ताट घेऊन अक्कांच्या मशीनपाशी आली तेव्हा अकरा चाळीस झाले होते. अक्कांनी पडदा बंद केला होता. टेबलाखाली यूपीएसचा हिरवा दिवा जळत होता.

‘हे अजून जागं आहे,’ म्हातारी कन्नडमध्ये म्हणाली.

‘स्वल्प थांबा अम्मा, याला निजायला वेळ लागतो,’ अक्का म्हणाल्या. ‘चाळीस मिनिटं.’

‘मग राहुकाळात पूजा करू?’

मालक दाराशी, मेनच्या खटक्यावर हात ठेवून उभा होता. मागे बाकीची माणसे, हातात चुरमुऱ्यांचे पुडे. अक्का माझ्याकडे वळल्या आणि मराठीत विचारले, ‘पेपरवाले, असंच बंद केलं तर आकडे राहतात ना?’

मी म्हणालो, ‘राहतात.’

मला टिपण पाठ होते. टिपणात आकडे जातील असे कुठेही नव्हते.

‘सरी,’ अक्का म्हणाल्या, म्हणजे ठीक. त्यांनी वाकून यूपीएसचे बटण दाबले. मालकाने मेन पाडला. हिरवा दिवा गेला. म्हातारीने पेटीच्या बाराही खुंट्यांना एकेक कुंकवाचे बोट लावले आणि पेटीला नमस्कार केला. अक्कांनीही केला. नंतर त्या वही उघडून काहीतरी लिहिताना दिसल्या.

गुरुवारी विजयादशमीची सुट्टी. शुक्रवारी अक्कांनी प्रोग्राम पुन्हा सुरू केला, उरलेल्या चाचण्या केल्या. एकच चाचणी राहिली होती. तिला सोमवार-मंगळवार लागणार होते. पण सोमवारी सकाळी मालकाने आकडे मागितले, अहवाल त्या दिवशी जायचा होता. अक्कांनी प्रोग्राम रीतसर बंद केला. चाळीस मिनिटांनी कागद छापून आला.

कागदावर प्रोग्रामचा पाव भागही चालला नव्हता.

दुपारी बैठक झाली. टेबलावर एका बाजूला कागद, दुसऱ्या बाजूला वही. मालक आवाज चढवणारा माणूस नव्हता. त्याने वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवले, मग कागदावर.

‘अक्का, इथे लिहिलंय सातव्या खोलीचा दरवाजा उघडा राहिल्याची घंटा तपासली. मशीन म्हणतं, त्या ओळी एकदाही चालल्या नाहीत.’

‘तपासली सर. दोनदा.’

‘मशीन म्हणतं नाही.’

‘त्या दिवशी मेन बंद केला होता ना सर, पूजेला? त्याचं काही असेल.’

मालकाने माझ्याकडे पाहिले. ‘त्याने फरक पडतो?’

मी म्हणालो, ‘टिपणात तसं काही नाही.’

हे वाक्य खरे होते. पुस्तिका त्याच खोलीत, खिडकीजवळच्या कपाटात होती. उठून सहा पावले. मी उठलो नाही. डेस्कवर सात वर्षे मी इतरांची वाक्ये तपासली होती. स्वतःचे वाक्य छापून झाले की ते पुराव्यासारखे वाटू लागते, हे मला तेव्हा माहीत नव्हते.

 अक्कांनी वही मिटली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसल्या. मालक म्हणाला, ‘मशीन तुम्हीच मागितलं होतं, अक्का.’

‘हो सर.’

अहवाल मी लिहिला. त्यासाठी वहीतल्या चाचण्या मोजल्या, एकशे बारा भरल्या. वही इंग्रजीत, पण मधे काही ओळी कन्नड लिपीत होत्या. मला ती वाचता येत नाही. खासगी काही असेल म्हणून मी त्या सोडल्या. अहवालातले वाक्य असे होते: नोंदवहीतील दाव्यांना मोजणीचा आधार मिळत नाही. एकही शब्द जास्त नाही.

महिनाअखेरीस अक्कांचा करार संपला. तो पुन्हा झाला नाही. त्या दिवशी त्यांनी टेबल पुसले, टॉवेल घडी करून पिशवीत ठेवला. वही कंपनीची, म्हणून टेबलावर सोडली. जाताना माझ्या खुर्चीपाशी थांबल्या. ‘येते पेपरवाले. डोळे तपासून घ्या एकदा, फार जवळ धरून वाचता.’ मी हसलो असेन.

व्यापाऱ्याने चाचणी पुन्हा करायला सांगितली. त्यासाठी दोन नवी मुले घेतली. त्यांना चाचण्या कोणत्या करायच्या हे माहीत नव्हते, म्हणून अक्कांची वही दिली. मुलांनी वहीतल्या ओळी एकामागून एक केल्या. त्यांना बस गाठायची असे, म्हणून रोज संध्याकाळी पाचला ती मुले प्रोग्राम रीतसर बंद व्हायला लावून निघत आणि सकाळी पुन्हा चालू करत. त्यांना दुप्पट दिवस लागले.

शेवटी कागद आला. जवळजवळ सगळ्या वाटा चालल्या होत्या. अक्कांच्याच चाचण्या, त्याच क्रमाने.

 मी कपाटातून पुस्तिका काढली. वाक्य सापडायला वेळ लागला नाही, कारण त्याखाली माझीच पेन्सिलची रेघ होती. आकडे मेमरीत साठतात; प्रोग्राम रीतसर बंद झाला तरच ते डिस्कवर उतरतात. माझ्या खणात चार पानांचा कच्चा मसुदा होता. त्यात हे होते. चौथ्या पानावर, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात.

मी पुस्तिका, मसुदा आणि वही घेऊन मालकाकडे गेलो. त्याने दोनदा वाचले. मग वही चाळता चाळता पूजेच्या दिवसाच्या पानावर थांबला. तिथे कन्नड लिपीतल्या दोन ओळी होत्या.

‘हे कन्नड नाही,’ तो म्हणाला. ‘अक्षरं कन्नड आहेत. भाषा कळत नाही.’

‘मोठ्यानं वाचाल?’

मराठीचा एक शब्द न येणारा तो माणूस एकेक अक्षर लावत वाचू लागला. मला एक अक्षर लागत नव्हते आणि शब्द सगळे कळत होते. ‘बुधवार. अकरा चाळीस. पूजेला मेन बंद. पेपरवाल्यांना विचारलं. आकडे राहतात म्हणाले.’

त्याने वर पाहिले. ‘काय लिहिलंय?’

मी इंग्रजीत सांगितले. जसेच्या तसे.

तो काही वेळ पेन उघडत-मिटत राहिला. ‘त्या दिवशी बैठकीत तिने हे का नाही दाखवलं?’ असे त्याने विचारले.  वही तेव्हा अक्कांच्या हाताखाली होती, एवढे मला आठवत होते. ‘आता दोन मुलं घेतली आहेत,’ तो थोड्या वेळाने म्हणाला. ‘टिपणाची दुसरी आवृत्ती काढ. हे वाक्य पहिलं घाल.’

रविवारी मी अक्कांच्या घरी गेलो. मल्लेश्वरममध्येच, बाजाराच्या मागे, दोन खोल्या. वडील आतल्या खोलीत निजलेले. अक्का पीण्यात एका कारखान्यात लागल्या होत्या, पाण्याच्या पंपांची पॅकिंगआधी तपासणी. दिवसभर उभे राहून. पाय सुजलेले दिसत होते. त्यांनी कॉफी दिली आणि समोर बसल्या.

मी सांगितले. पुस्तिकेतले वाक्य, कापलेली पाने, वहीतल्या ओळी. बातमी सांगावी तसे, क्रमाने.

‘मी विचारलं होतं तुम्हाला,’ त्या म्हणाल्या.

‘हो.’

‘मग सरी. मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. म्हणून नाही दाखवली वही. तुम्ही लिहिणारे. तुम्ही नाही म्हणालात सगळ्यांसमोर, तर माझी दोन ओळींची नोंद काय करणार?’

मी म्हणालो की मालकाला सगळे सांगितले आहे. त्यांनी मान हलवली. परत बोलावलंय का, असे त्यांनी विचारले नाही. मालकाने बोलावलेही नव्हते.

आतून खोकल्याचा आवाज आला. त्या उठल्या, पाणी देऊन आल्या. मग दारातच उभ्या राहून म्हणाल्या, ‘नवा कागद आला ना? सगळं चाललं?’

‘जवळजवळ सगळं.’

‘कुठली वाट राहिली?’

मी पाहिले नव्हते. तसे सांगितले.

‘दोन कॉम्प्रेसर एकदम बंद पडले तर, ती राहिली असेल,’ अक्का म्हणाल्या. ‘तेवढीच उरली होती. तिला पेटीत एक तार बदलावी लागते. सोमवारी करणार होते, तोवर सर कागद मागायला आले. त्या पोरांना कशी कळणार, वहीत नाही ती. केल्याशिवाय लिहीत नाही मी.’

त्यांनी मला तार कुठली ते सांगितले. निळी, डावीकडून तिसरी. मी कॉफीचा पेला खाली ठेवून ते लिहून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद उघडला. एकदाही न चाललेल्या ओळी सात होत्या, सलग. सातही दोन कॉम्प्रेसर एकदम बंद पडण्याच्या.

मुलांना बोलावून निळी तार दाखवली. पेटीच्या खुंट्यांवर पूजेचे कुंकू अजून होते. ते कोणी पुसले नव्हते.